नमस्ते : ‘ते’ म्हणजे कोण?



या व्यासपीठावर वेदांत सांगणारे शास्त्री येऊन गेले आहेत आणि अर्थशास्त्र सांगणारे प्राध्यापकही. योगाभ्यासातील एका संस्कृत शब्दावर बोलण्यासाठी कामगार संघटनेतल्या माणसाचे नाव पत्रिकेवर पाहून, छापखान्याने दोन दिवसांची व्याख्याने एकत्र केली की काय, असे पुष्कळांना वाटले असेल. तसे काही झालेले नाही. विषय मी स्वतः मागून घेतला आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडके. भांडारकरांचे संस्कृतचे पहिले पुस्तक मी रद्दीच्या दुकानातून घेतले आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत विभक्त्या पाठ केल्या. सांगायचे कारण एवढेच की, शब्दाकडे मी पंडिताच्या बाजूने येत नाही; शब्द ज्यांच्यावर वापरला जातो त्यांच्या बाजूने येतो.

गेल्या काही वर्षांत योगाचे वर्ग कारखान्यांत, कचेऱ्यांत, तुरुंगांत, सैन्यात, सर्वत्र निघाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २१ जून २०१५ पासून जगभर योगदिन सुरू झाला. परदेशांतल्या वर्गांची तर रीतच झाली आहे की, शेवटी शिक्षकाने छातीशी हात जोडून ‘नमस्ते’ म्हणावे आणि शिष्यांनी तेच परत म्हणावे. त्याचा अर्थही ठरून गेला आहे : ‘माझ्यातील ईश्वर तुझ्यातील ईश्वराला वंदन करतो.’ हा अर्थ समुद्रापलीकडून फिरून आता आपल्याकडेही आला आहे, आणि आपले लोकही तो जणू आजीकडून ऐकला असावा अशा थाटात सांगू लागले आहेत. माझ्या आजीने तो मला सांगितला नव्हता. ती ‘रामराम’ म्हणत असे.

प्रथम व्याकरण पाहू, कारण ते स्वस्त आहे आणि खोटे बोलत नाही. ‘नमः’ आणि ‘ते’ मिळून नमस्ते. ‘नम्’ म्हणजे वाकणे. ‘ते’ ही ‘त्वम्’ची, म्हणजे ‘तू’ची चतुर्थी. ‘नमः’च्या योगात चतुर्थी यावी असे पाणिनीने दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे, म्हणूनच आपण ‘गणेशाय’ म्हणतो, ‘शिवाय’ म्हणतो. तेव्हा सरळ अर्थ इतकाच : तुला वाकून असो. त्यात ईश्वर नाही, आत्मा नाही, ‘माझ्यातील’ नाही आणि ‘तुझ्यातील’ही नाही. प्रवचनकार ‘नमः’ची फोड ‘न मम’ अशी करतात, ‘माझे काही नाही’ अशी. ती फोड गोड आहे, जुनीही आहे. पण धातूशी तिचे नाते नाही.

हा ‘नम्’ आपल्या मराठीत फार खेळला. नम्र, विनम्र, प्रणाम हे त्याचेच. ‘नमते घेणे’ हा वाटाघाटीच्या टेबलावरचा आमचा रोजचा शब्द. कोणी नमते घ्यायचे यावरच अर्धे आयुष्य गेले. फारसीतला ‘नमाज’ शब्दही याच घराण्यातला आहे. अरबीत त्याला ‘सलात’ म्हणतात. ‘नमाज’ इराणातून आला, आणि इराणी व संस्कृत या भाषा सख्ख्या बहिणी. पाळी सुटल्यावर एक कामगार मारुतीपुढे हात जोडतो आणि दुसरा मशिदीत वाकतो, तेव्हा दोघांच्या कृत्यांची नावे एकाच मुळातून आलेली असतात. हे मी द्वारसभेत एकदा सांगितले, तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी माझ्याकडे संशयाने पाहिले.

आता ‘ते’कडे वळू. खरी गंमत तिथे आहे. संस्कृतात मोठ्या माणसाशी अदबीने बोलायचे तर ‘भवान्’ म्हणतात, आणि क्रियापद तृतीय पुरुषी ठेवतात. समोरच्याला जणू थोडे लांब उभे करतात. ‘नमस्ते’त तो ‘भवान्’ नाही. तिथे साधा ‘तू’ आहे. पुरुष की स्त्री, हेही त्या ‘ते’वरून कळत नाही. राजाला ‘ते’, चोराला ‘ते’, देवाला ‘ते’. आपण मराठीत आईला आणि विठोबाला ‘तू’ म्हणतो आणि साहेबाला ‘आपण’ म्हणतो, यात जवळ कोण आणि लांब कोण हे उघड आहे. वाकायचे आणि तरी ‘तू’ म्हणायचे, अशी दोन्ही कामे हा पाच मात्रांचा शब्द एका दमात करतो.

योगाच्या ग्रंथांत या शब्दाचे काही विशेष विवेचन असेल म्हणून मी शोधायला गेलो. पतंजलीची सूत्रे दोनशेच्या आत; त्यांतली आसनावर फक्त तीन. वर्ग सुरू कसा करावा, संपवावा कसा, शिष्याला काय म्हणावे, याचा तेथे उल्लेख नाही. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठयोगप्रदीपिका लिहिली. तिचा आरंभ आदिनाथाच्या, म्हणजे शिवाच्या वंदनाने होतो, पण ते ग्रंथारंभीचे वंदन, जसे कोणत्याही पोथीत असते तसे. पुढे पंधरा आसने येतात. त्यांत सूर्यनमस्कार नाहीत. आज आपण पाहतो तो ओळीत उभा राहिलेला योगाचा वर्ग गेल्या शंभर वर्षांतला आहे, आणि त्यात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत ते चालू केले. याच राजाने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. नमस्कार घालून घालून त्यांची कंबर वाकायला सैल झाली होती म्हणा! इतर राजे त्या वेळी फक्त गव्हर्नरापुढे वाकत होते.

सूर्यनमस्कार घालताना सूर्याची बारा नावे घेतात, प्रत्येक नाव चतुर्थीत आणि पुढे ‘नमः’. पहिले नाव कोणते? मित्र. आणि त्या वेळी हात कोठे असतात? छातीशी जोडलेले. ही गोष्ट सहज झाली असेल, पण तिच्या शेजारी मी आणखी एक पान ठेवतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हस्तांचे प्रकरण आहे. त्यात ‘अंजलि’ या हाताचा विनियोग सांगितला आहे. देवांना वंदन करताना अंजलि मस्तकावर न्यावी, गुरुजनांना करताना मुखापाशी, आणि मित्रांना करताना वक्षावर. म्हणजे जगभरच्या योगवर्गात शेवटी हात जेथे जोडले जातात, ती भरताच्या मते मित्राची जागा आहे. देवाची नव्हे, गुरूचीही नव्हे. यापुढची गोष्ट अधिक मनोरंजक. नंदिकेश्वराच्या नावावरचा अभिनयदर्पण हा मागाहूनचा ग्रंथ. त्यातही मस्तक, मुख आणि वक्ष याच तीन जागा आहेत. पहिल्या दोन देवाच्या व गुरूच्याच. तिसऱ्या जागी मात्र मित्र गेला आणि विप्र आला. दोन पोथ्यांच्या मधल्या काळात काय घडले, याचे याहून थोडक्यात वर्णन मला कोणी दाखवावे.

अंजलि म्हणजेच आपली ओंजळ. ओंजळ भरायची असो की रिकामी करायची असो, दोन्ही हात मोकळे लागतात. ज्याच्या डोक्यावर पोते आहे, ज्याचा एक हात यंत्राच्या दांड्यावर आहे, त्याला ती करता येत नाही. याकडे पुन्हा येईन.

‘माझ्यातील ईश्वर, तुझ्यातील ईश्वर’ हा अर्थ मग अगदीच परका म्हणायचा का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. भागवताच्या एकादश स्कंधात, एकोणतिसाव्या अध्यायात, कृष्ण उद्धवाला सांगतो की, हसणाऱ्या आप्तेष्टांची पर्वा सोडून, देहाची लाज सोडून, कुत्रा, चांडाळ, गाय आणि गाढव यांना जमिनीवर दंडासारखे पडून नमस्कार करावा. कारण सर्वांत तोच आहे. या एकादश स्कंधावर आपल्या नाथांनी सोळाव्या शतकात मराठी टीका लिहिली आणि तो विचार मराठी माणसाच्या घरात आणून ठेवला. तेव्हा सर्वांभूती ईश्वर पाहून वाकणे हे आपलेच. पण कलम नीट वाचा. त्यात गाढव आहे, त्यात हसणारे लोक आहेत, त्यात धुळीने भरलेले कपडे आहेत. ज्याच्यापुढे वाकलो असता लोक हसतील, त्याच्यापुढे वाकायला सांगितले आहे. सुगंधी उदबत्तीच्या खोलीत, आपल्याच उत्पन्नाच्या माणसाकडे मंद हसून ‘तुझ्यातील ईश्वराला’ म्हणताना यातले काय उरते?

माझा आक्षेप आणखी एक आहे. ‘तुझ्यातील ईश्वर’ म्हटले की नमस्कार तुझ्यावरून पुढे निघून जातो. तू राहतोस बाजूला. माणसाला वगळून त्याच्यातल्या देवाला भेटण्याची कला आपण फार जुन्या काळापासून साधली आहे. चोख्याच्या अभंगांना टाळ वाजवायचे आणि चोख्याच्या जातभाईंना महाद्वाराबाहेर ठेवायचे, हे याच कलेचे काम. व्याकरणातला ‘ते’ तसा निसटू देत नाही. तो म्हणतो : तू, जो माझ्यासमोर उभा आहेस, तू.

हा ‘ते’ कोणास म्हणावा आणि कोणी म्हणावा, यावर आपल्या देशात केवढे नियम झाले! ज्या पाणिनीने चतुर्थी सांगितली त्यानेच आठव्या अध्यायात सांगितले की, कोणी अभिवादन केले असता उत्तर देताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवावा. मात्र अभिवादन करणारा शूद्र असेल तर लांबवू नये. एका स्वराची लांबी, बंधूंनो! मजुरीतला एक पैसाही नव्हे. पण जी गोष्ट फुकट देता येते तीही मोजून द्यायची, हा बाणा त्यात दिसतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात खुशाली विचारण्याचे शब्द वर्णागणिक वेगळे आहेत : ब्राह्मणास कुशल विचारावे, क्षत्रियास अनामय, वैश्यास क्षेम, शूद्रास आरोग्य. शूद्राचे आरोग्य विचारण्याचे कारण सांगण्यास भाष्यकार नको; कोणताही पाळीप्रमुख सांगेल. कामावर उद्या येणार ना?

ग्रंथांतले नियम ग्रंथांत राहतात, व्यवहार वेगळा असतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी मुंबईची गोष्ट सांगतो. पेशवाईच्या उत्तरार्धात दैवज्ञ सोनार मंडळी धोतर विशिष्ट पद्धतीने नेसू लागली आणि एकमेकांना भेटताना ‘नमस्कार’ म्हणू लागली. त्या काळी ‘नमस्कार’ हा शब्द ब्राह्मणांनी आपला राखीव मानला होता. तक्रार झाली. पेशव्यांच्या सत्तेने पुण्याच्या बाजूला तो प्रकार बंद पाडला. पण मुंबईत राज्य कंपनी सरकारचे. तेव्हा त्यांच्याकडून १७७९ साली हुकूम काढविण्यात आला की, मुंबईतल्या सोनारांनी ‘नमस्कार’ हा शब्द कोणत्याही निमित्ताने वापरू नये. डॉ. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ सालच्या न झालेल्या भाषणात हे प्रकरण नोंदले आहे. टोपीवाल्या साहेबाला त्या शब्दाचा अर्थही ठाऊक नसेल. पण त्याला सही करायची होती, त्याने केली.

ज्यांना ‘नमस्कार’ही मिळाला नाही, त्यांना ‘जोहार’ होता. महाराने पाटलाला, देशमुखाला, भटाला लांबून म्हणायचा तो जोहार. चोखोबांचे त्या नावाचे अभंगच आहेत. हा जोहार गळ्यातून काढून टाकण्यासाठी किती पिढ्या लागल्या! आणि त्याच्या जागी जो शब्द आला, तो ‘जय भीम’, रूढ करण्याचे श्रेय ज्यांना देतात ते कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) हे कोण होते? विडी कामगारांची संघटना बांधणारे. १९३७ साली ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि पस्तिसाव्या वर्षी वारले. विड्या वळणाऱ्या बायका-पुरुषांना आधी मजुरीचा दर हवा की आधी अभिवादनाचा शब्द हवा, असा प्रश्न त्यांना पडला नसावा. दोन्ही कामे एकाच माणसाने हाती घेतली, एवढे दिसते.

‘नमस्ते’ हा शब्द सर्वांचा म्हणून सर्वांत आधी हट्टाने चालवला तो आर्यसमाजाने. समाजाची स्थापना मुंबईत १८७५ साली झाली. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यास आले, त्यांनी व्याख्याने दिली, रानड्यांनी त्यांची मिरवणूक काढली, आणि सनातन्यांनी दंगा केला तेव्हा संरक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे उत्तरेत आर्यसमाजी मंडळी, जात न पाहता, जो भेटेल त्याला ‘नमस्ते’ म्हणू लागली; हिंदीच्या वाटेने शब्द आपल्याकडे परत आला. आज आपल्याला तो इतका मिळमिळीत वाटतो की विमानाच्या दारातली मुलगी दिवसातून हजारदा म्हणते. एके काळी त्या शब्दावरून जातीतून वाळीत टाकण्याइतका तो तिखट होता. वारकऱ्यांची रीत याहून जुनी आणि मला अधिक आवडणारी : जो पाया पडतो त्याच्याच उलट पाया पडायचे. तेथे हिशेब जागच्या जागी फिटतो.

आता वेदांकडे येतो, कारण त्यांच्या नावाने जे सांगतात ते वाचलेले फार थोड्यांनी असते. यजुर्वेदातला रुद्राध्याय आपल्या कानावरून शेकडो वेळा गेला आहे; श्रावणी सोमवारी लघुरुद्र चालू असतो, आपण प्रसादाची वाट पाहत असतो. त्या अध्यायाचा पहिलाच शब्द ‘नमस्ते’ आहे. आणि तो पहिला नमस्कार रुद्राच्या कशाला आहे? त्याच्या क्रोधाला. मग बाणाला, मग धनुष्याला, मग बाहूंना. प्रथम त्या ऋषीने समोरच्याचा राग मान्य केला. ‘आपण शांत व्हा, मग बोलू’ असे म्हटले नाही. हे वाक्य आम्ही व्यवस्थापकांकडून फार ऐकतो. पुढे यादी येते, आणि ती यादी वाचताना मला प्रथम वाटले की हा हजेरीपट आहे. सुतारांना नमन, रथ करणाऱ्यांना नमन, कुंभारांना नमन, लोहारांना नमन. निषादांना, पारध्यांना, कुत्री घेऊन फिरणाऱ्यांना आणि खुद्द कुत्र्यांनाही नमन. निजलेल्यांना आणि जागणाऱ्यांना, उभ्यांना आणि धावणाऱ्यांना. चोरांच्या नायकाला, फसवणाऱ्याला. अध्यक्षमहाराज, त्यात सभांना आणि सभापतींनाही नमन आहे. चोरांच्या जवळच आहे, पण रागावू नये.

या यादीत सर्वनाम बदलते. ‘ते’ जाऊन ‘वः’ येतो, म्हणजे ‘तुम्हा सर्वांना’. एका ‘तू’पासून निघालेला नमस्कार सुतार-लोहारांच्या अनेकवचनापर्यंत पोहोचतो. तो म्हणणारे पुढे स्वतः सुताराच्या हातचे पाणी पीत होते की नाही, हा प्रश्न मी विचारणार. परंतु म्हणून ती यादी मी परत देणार नाही. ती आमची आहे.

भीतीनेही नमस्कार होतो, हे विसरू नये. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन पुढून, मागून, सर्व बाजूंनी, हजारदा नमस्ते म्हणतो. केव्हा? विश्वरूपाच्या दाढांत योद्ध्यांचा चुरा होताना पाहिल्यावर. तोपर्यंत तो कृष्णाला ‘अरे कृष्णा, अरे यादवा, अरे गड्या’ म्हणत होता, आणि आता त्याचीच क्षमा मागतो. मराठीत आपण हे फार थोडक्यात सांगतो : चमत्काराशिवाय नमस्कार नाही. संपाची नोटीस लागेपर्यंत ज्यांनी कधी मान वर करून पाहिले नाही, ते साहेब नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत ‘नमस्कार, नमस्कार’ करीत आलेले मी पाहिले आहेत. तो नमस्कारही मी घेतो. फक्त तो कोणत्या खात्यावरचा आहे ते लक्षात ठेवतो.

एका कारखान्यातली हकिगत सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. तेथे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या यंत्रांवर माणसे आठ तास उभी असत, आणि कंबरदुखीच्या तक्रारी फार होत्या. दर दोन तासांनी बदली माणूस द्या, अशी आमची मागणी होती. व्यवस्थापनाने बदली माणसाऐवजी योगाचा वर्ग दिला. शिकवायला आले ते एक निवृत्त शाळामास्तर होते, सज्जन आणि कामाला चोख. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘नमस्ते’चा तो प्रसिद्ध अर्थ सांगितला. मागच्या ओळीतून एक यंत्रचालक म्हणाला, “मास्तर, माझ्यातल्या देवाला पोहोचला. आता माझ्या कमरेचं बघा.” मास्तर हसले, आणि खरोखरच कमरेचे पाहू लागले. त्या वर्गाने काही लोकांना आराम पडला, हे मला सांगितले पाहिजे. बदली माणसाची गरज त्याने संपली नाही, हेही.

वर्गाआधी सतरंज्या अंथरायच्या आणि नंतर गुंडाळून ठेवायच्या, हे काम सफाईच्या बायकांचे होते. त्या सहा जणी. त्यांची नावे ठेकेदाराच्या वहीत. कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत, म्हणून वर्गातही नाहीत. दाराशी उभ्या राहून त्या बघत. दिवसभर वाकून फरशी पुसणारी ती माणसे. त्या शेडमध्ये सर्वांत जास्त कोण वाकत असेल तर त्याच. आठवड्याभराने मास्तरांनी विचारले, “या मावशी का बसत नाहीत?” त्यांना ठेकेदाराचा कायदा समजावून देण्यात आला. दुसऱ्या दिवशी वर्ग संपला, सर्वांचे नमस्ते झाले, आणि मास्तर दारापाशी गेले. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या बाईसमोर उभे राहून म्हणाले, “मावशी, नमस्ते.” तिच्या दोन्ही हातांत गुंडाळलेली सतरंजी होती. तिने ती खाली ठेवली. हात पदराला पुसले. मग जोडले. शेडमध्ये कोणी बोलले नाही. एक-दोघांनी सतरंज्या उचलायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ज्याची त्याने उचलावी असे ठरून गेले.

हे ऐकून तुम्हाला बरे वाटले असेल, मलाही वाटले. पण मी संघटनेचा माणूस; मला मागणीपत्र लिहावे लागते. त्या वर्षीच्या मागणीपत्रात आम्ही कलम घातले की, सफाई कामगारांना कामाच्या वेळेतच, पगार न कापता वर्गात बसता यावे. व्यवस्थापनाने उत्तर दिले की हा ठेकेदाराचा प्रश्न आहे. ठेकेदाराने सांगितले की जागा कंपनीची आहे. ‘ते’ म्हणजे कोण, हा प्रश्न असा दोन दारांमधून फिरत राहतो.

२०२० च्या मार्च महिन्यात महासाथ आली आणि जगातले पुढारी हस्तांदोलन सोडून हात जोडू लागले. फ्रान्सच्या अध्यक्षांनी स्पेनच्या राजाचे स्वागत हात जोडून केले. आपल्याकडे फार अभिमान वाटला : पाहा, पूर्वजांना स्पर्शाचा धोका कळत होता! मला वाटते, हा अभिमान जरा जपून बाळगावा. ज्या देशात माणसाने माणसाला शिवू नये हे हजारो वर्षे शास्त्र होते, तेथे न शिवता करायच्या नमस्काराची फुशारकी मारण्यापूर्वी इकडेतिकडे पाहावे. कोणी ऐकत असेल. मराठीत ‘दुरून नमस्कार’ आणि ‘कोपरापासून नमस्कार’ हे शब्दप्रयोग टाळण्यासाठीच आहेत. त्या वर्षी आपण सफाई कामगारांना असाच नमस्कार केला. थाळ्याही वाजवल्या. हातमोजे मात्र त्यांना मागून घ्यावे लागले.

आणि एक बातमी दुसऱ्या टोकाची. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सरकारी शाळांतून योगाला १९९३ पासून बंदी होती. २०२१ साली कायदा करून ती उठवली, पण अटी घातल्या : आसनांची नावे इंग्रजीतच असावीत, मंत्र नको, मुद्रा नको, आणि ‘नमस्ते’ म्हणण्यास स्पष्ट मनाई. मुलांनी हा शब्द उच्चारला तर धर्म बाटेल, अशी त्यांची भीती. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली. मला मुंबईचा १७७९ चा हुकूम आठवला. अलाबामाच्या विधिमंडळाने त्या शब्दात देव पाहिला म्हणून तो बंद केला. मुंबईत त्या घराण्यातल्या शब्दात बरोबरी दिसली म्हणून बंद केला. दोहोंत शब्दाचा खरा अर्थ कोणाला अधिक कळला होता असे विचाराल, तर मी मुंबईच्या तक्रारदारांकडे बोट दाखवीन. त्यांना नेमके कळले होते की, सोनार ‘नमस्कार’ म्हणाला तर उत्तरादाखल आपल्याला काही तरी म्हणावे लागेल.

त्या सहा जणींच्या कलमाचे काय झाले, असे सभेनंतर कोणी विचारील, म्हणून आताच सांगतो. दोन वर्षांनी आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास मिळाला, कामाच्या वेळेत. मास्तर तोवर थकले होते, पण त्या दोन दिवसांसाठी येत. भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्यांचा त्यांचा वाद मात्र अजून चालू आहे. पुढची तारीख याच महिन्यात आहे, आणि त्यासाठी मला उद्या पहाटेची गाडी गाठायची आहे.  अध्यक्षमहाराज, आणि मागे दाराशी उभे असलेल्या मंडळींनो, नमस्ते.